सावित्रीच्या उगमाला एक गाडी

"पाणी बघायला महाबळेश्वराला? दारातली खाडी आटली काय?" तात्याकाकांच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही बाणकोटचे. अंगणात उभं राहिलं की समोर सावित्रीची खाडी, पलीकडे हरिहरेश्वराचा डोंगर. ज्या माणसाचा जन्म होडीत गेला, त्याला वेण्णा तलावातल्या बोटिंगचं कौतुक काय सांगायचं?

शेवटी आत्येनेच तोड काढली. "आपली सावित्री तिकडंच उगम पावते ना? मग मूळ बघून येऊ." झालं. वाडीतली 31 माणसं त्या एका वाक्यावर तयार झाली आणि गाडी ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

गाडीपेक्षा तारीख अवघड गेली. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, तेव्हा पुरुष मोकळे. पण पावसाळ्यात वाटेतला आंबेनळी घाट? जुलै 2018 मध्ये दापोलीहून महाबळेश्वरला निघालेली बस याच घाटात कोसळली आणि 30 माणसं गेली. आमच्या भागात तो दिवस कोणी विसरलेलं नाही, त्यामुळे पावसाळ्याचं नाव निघताच बायकांनी विषय बंद केला. मे महिना आंब्याचा. दिवाळीच्या सुट्टीत तिकडे रस्त्यावर गाड्यांचीच रांग. राहता राहिला मार्गशीर्ष, पण त्यात गुरुवारचे उपास आणि घट. मग तात्याकाका म्हणाले, "भांगाचे दिवस धरा. उधाणात मी येणार नाय." भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासचे दिवस. तेव्हा पाण्याला ओढ नसते, वाहत्या पाण्यात रोवून ठेवलेल्या डोल जाळ्यात फारसं काही लागत नाही, म्हणजे बुडाला तरी धंदा थोडाच बुडतो. अष्टमीला लागून आलेले सोमवार-मंगळवार पक्के केले. लॉज शनिवार-रविवारच्या गर्दीनंतर रिकामे होतात, म्हणून दरही कमी मिळाला.

एसटीची प्रासंगिक करारावरची गाडी घ्यावी असं माझं मत होतं. पण पोरांना खासगी बस हवी होती, पुशबॅक सीटवाली. 35 सीटरवर तडजोड झाली. त्याहून लांब गाडी घाटातल्या वळणांवर नको, हे मी अडून सांगितलं. माणशी 1,800 रुपये वर्गणी. त्यात गाडी, लॉज आणि दोन जेवणं. खरी लढाई पुढच्या सीटवरून. "मला गाडी लागते" असं सांगणाऱ्या अकरा जणी आणि पुढच्या सीट चार! मी आवळासुपारी, आलेपाक आणि प्लास्टिकच्या पिशव्यांचा गठ्ठा घेतला आणि मागच्या चाकावरच्या सीटवर स्वतःचं नाव लिहून टाकलं.

पहाटे पाचला निघालो. मंडणगड, महाड, पोलादपूर. महाडपासून सावित्री कधी डाव्या, कधी उजव्या अंगाला दिसत राहते, गावागणिक बारीक होत जाते. इंग्रजांच्या काळात मुंबईचे साहेब बोटीने बाणकोटला येत, खाडीने महाडपर्यंत जात आणि तिथून डोंगर चढून महाबळेश्वर गाठत. म्हणजे हा प्रवास आमच्या दारावरूनच व्हायचा. हे मी गाडीत माईकवर सांगितलं. ऐकलं कोणी नाही, कारण घाट सुरू झाला होता आणि पिशव्या वाटल्या जात होत्या. पोलादपूर ते महाबळेश्वर जेमतेम 40 किलोमीटर, पण दोनदा थांबलो. कुंभरोशीला चहा घेतला आणि प्रतापगड खालूनच बघितला. चढायला आत्येचे गुडघे तयार नव्हते.

लॉजवाल्याने फोनवर तळमजला कबूल केला होता, प्रत्यक्षात खोल्या दुसऱ्या मजल्यावर. तासभर वाद घातला, शेवटी दोनच खोल्या खाली मिळाल्या. त्याचं नाव लिहीत नाही. पुढच्या वेळी बोलणं लेखी घेणार, एवढंच.

संध्याकाळी वेण्णा तलाव. 1842 साली साताऱ्याच्या छत्रपती अप्पासाहेब महाराजांनी बांधून घेतलेलं हे तळं आहे. पोरं पायडल बोटीकडे पळाली. तात्याकाका मात्र वल्ह्याच्या होडीत बसले आणि नावाड्याला वल्हं कसं धरायचं ते शिकवू लागले. पाच मिनिटांत वल्हं यांच्याच हातात. काठावर येऊन म्हणाले, "मेलेलं पाणी. वढच नाय त्याला." पण चेहरा खूश होता. थंडी अशी की दोन शाली, स्वेटर, त्यावर माझी ओढणी घेऊनही आत्येचे दात वाजत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री. भिंतीत ओळीने प्रत्येक नदीचं वेगळं मुख आहे, आणि पुढे सगळं पाणी एकत्र होऊन दगडी गोमुखातून कुंडात पडतं. आत्येने पुजाऱ्याला विचारलं, "यातली आमची कुठली?" त्याने बोट दाखवलं. तिने ओंजळ भरली, चूळ घेतल्यासारखं पाणी तोंडात फिरवलं आणि गिळलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "गोडं हाय गो."

आमच्या दारात ती नदी खारट. मी उगाच तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. तिने पिशवीतून रिकामी बाटली काढून भरली. खाडीत सोडायची म्हणे.

परतीला स्ट्रॉबेरी, चणे, चिक्की आणि आंबेनळी उतार. घाटात तात्याकाकांना तहान लागली. जी बाटली हाताला आली ती त्यांनी उघडली. पोलादपूर येईपर्यंत ती अर्धी झाली होती, आणि आत्या त्यांच्याशी मंडणगडपर्यंत बोलली नाही.