आमची वाटचाल : लिव्हर अडला की आधी काजळी

अण्णा नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत टूलरूमला फिटर होते. बंदूक दुरुस्तीलाही शस्त्र कायदा 1959 च्या कलम 5 खाली परवाना लागतो. तो हातात पडल्यावरच त्यांनी नोकरी सोडली आणि भद्रकालीत एका खोलीचं दुकान थाटलं. एक व्हाइस, कानशींचा डबा आणि रॉकेलची चिमणी, एवढंच भांडवल. त्यातली चिमणी आजही रोज पेटते.

आमच्याकडे सगळ्यात जास्त येते ती बारा बोअरची दुनळी, आणि तक्रार एकच: लिव्हर अडतो. पाठीवरचा हा लिव्हर अंगठ्याने उजवीकडे ढकलला की आतला उभा दांडा फिरतो, बोल्टला मागे ओढतो, बोल्ट नळ्यांखालच्या खाचांतून सुटतो आणि नळ्या बिजागरीवर खाली झुकतात. लंडनच्या जेम्स पर्डी यांनी हा बोल्ट 1863 मध्ये पेटंट केला. आमच्या टेबलावर येणाऱ्या बहुतेक दुनळ्यांत आजही तोच असतो.

मी शिकाऊ होतो तेव्हाची गोष्ट. निफाडच्या एका द्राक्ष बागायतदारांची दुनळी आली होती. अण्णा बाहेरगावी. मी बोल्ट काढला, एमरी पेपरने घासून चकचकीत केला आणि परत बसवला. लिव्हर लोण्यासारखा फिरला. अण्णांनी आल्यावर बंदूक उघडून बंद केली, लिव्हरकडे बघितलं आणि गप्प झाले. नव्या बंदुकीचा लिव्हर बंद असताना मधल्या रेषेच्या जरा उजवीकडे थांबतो. वर्षानुवर्षांच्या झिजेने तो हळूहळू मध्यावर सरकतो. माझ्या एका दुपारच्या घासण्याने तो मध्य ओलांडून डावीकडे गेला होता. नळ्या हलवल्या तर खट्‌खट् वाजत होत्या. बोल्टवर वेल्डिंगने धातू भरून तो पुन्हा बसवायला चार दिवस लागले. त्याचा एक पैसाही अण्णांनी गिऱ्हाइकाकडून घेतला नाही.

त्या चार दिवसांत मी काजळी शिकलो. बोल्टचा भाग चिमणीच्या ज्योतीवर धरायचा, काळा मखमली थर चढू द्यायचा, जागेवर बसवून बंदूक एकदा बंद करायची, पुन्हा उघडायची. जिथे घासतंय तिथेच काजळी पुसली जाते, राईएवढा ठिपका चमकतो. कानस लावायची तर त्या ठिपक्यापुरतीच. पुन्हा काजळी, पुन्हा बंद. कधी वीस-वीस वेळा.

बहुतेकदा कानशीची गरजच पडत नाही. 2024 च्या विधानसभा निवडणुकीत पोलिसांकडे जमा केलेल्या बंदुका परत मिळाल्या तेव्हा ऐन थंडी होती. दिंडोरीच्या एका काकांची दुनळी उघडेचना. जमा करण्याआधी काकांनी तिला मायेने भरपूर तेल पाजलं होतं, तेही खोबरेल! साधारण 24 अंशांखाली खोबरेल थिजतं आणि निफाड-दिंडोरीची थंडी तर तुम्हाला माहीतच आहे. दांड्याभोवती पांढरी साय धरली होती. धुऊन, पुसून हलक्या मशीन ऑइलचा एक थेंब सोडला, काम झालं. इगतपुरीकडून पावसाळ्यानंतर येणाऱ्या बंदुकांत दांड्यावर गंज असतो, कधी दस्त्याचं लाकूड फुगून स्प्रिंगला टेकलेलं असतं. आणि लिव्हर पूर्ण फिरतो पण नळ्या पडत नाहीत, तेव्हा लिव्हरला दोष देऊ नका. फायरिंग पिन, म्हणजे काडतूस उडवणारी टोकदार खीळ, मागे न सरकता काडतुसाच्या टोपीत रुतून बसलेली असते.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. अडलेली बंदूक उघडत नाही, म्हणजे आत काडतूस आहे की नाही हे दिसत नाही. एक भाऊ अशी बंदूक मोटारसायकलवरून घेऊन आले होते. आम्ही ती वाळूच्या बादलीकडे तोंड करून उघडली, तर उजव्या नळीत जिवंत काडतूस होतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. म्हणून अशी बंदूक भरलेलीच समजा. घरी हातोडी मारू नका, गुडघ्यावर आपटू नका. आधी फोन करा, कशी आणायची ते आम्ही सांगू. येताना मूळ परवाना सोबत ठेवा. त्यावरचा आणि बंदुकीवरचा नंबर जुळवून रजिस्टरला नोंद झाल्याशिवाय आम्ही स्क्रूला हात लावत नाही.

आता माझी मुलगी चिमणीपाशी बसते. मागच्या आठवड्यात तिने तीन तास एका बोल्टवर काजळी धरली आणि शेवटी कानस न उचलताच म्हणाली, "बाबा, बोल्ट ठीक आहे, स्प्रिंगचं एक पातं तडकलंय." बघितलं तर खरंच केसाएवढी चीर होती.

दिवाळीनंतर, थंडी वाढायच्या आत दुनळी एकदा दाखवून जा. नुसत्या तपासणीचे पैसे आम्ही घेत नाही.