वाक्यातला 'च'

माझ्या चालू घडामोडींच्या वहीत एक ओळ होती. 'टेली-मानस : सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. १० ऑक्टोबर २०२२, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू. मोफत, चोवीस तास. नंबर १४४१६. नोडल संस्था निम्हान्स, बेंगळुरू.' नंबराखाली लाल पेनानं दोन रेघा होत्या, कारण आकड्यावर प्रश्न पडू शकतो. परीक्षेत तो प्रश्न पडला नाही. पण जुलै २०२३ मधल्या एका पहाटे साडेतीन वाजता, सदाशिव पेठेतल्या आमच्या खोलीबाहेर जिन्यात बसून, मी तोच नंबर लावला.

मी परभणी जिल्ह्यातला, जिंतूर तालुक्यातला. घरी पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि सोयाबीन. बीएस्सी झाल्यावर २०२१ मध्ये एमपीएससीसाठी पुण्यात आलो. ज्या दिवशी एसटीत बसलो त्या दिवसापासून गावानं माझं नाव टाकून दिलं आणि मला 'साहेब' म्हणायला सुरुवात केली. पारावरची म्हातारी माणसं, दुकानदार, शाळेतली पोरं, सगळे. 'काय साहेब, कधी आलात?' सुरुवातीला छाती फुगायची. यात कुणाच्याही मनात वाईट नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. उलट प्रेमच होतं. पण दुसऱ्यांदा पूर्व परीक्षेत राहिलो त्या दिवाळीला तो शब्द मला सोसेना. गावात संध्याकाळी अंधार पडल्यावरच बाहेर निघायचो. तिसऱ्या वेळी उत्तरतालिका आली, मी मार्क जुळवले, वही मिटली आणि त्यानंतर गावी जायचं नावच काढलं नाही.

त्या वर्षी सगळ्या पेठेतच अस्थिरता होती. राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेचा नमुना वर्णनात्मक होणार म्हणून मुलं रस्त्यावर उतरली होती, फेब्रुवारी २०२३ मध्ये आयोगानं तो बदल २०२५ पर्यंत पुढं ढकलला. आमच्या खोलीत चार कॉट, चौघांचे चार हिशेब. किती वर्षं उरली, किती पैसे उरले. सगळेच त्यातून जात होते, म्हणून मला जे होतंय तेही 'सगळ्यांना होतं तेच' असं मी धरून चाललो. ही माझी मोठी चूक झाली. चार-पाच महिने त्यात गेले.

कारण मला जे होत होतं ते परीक्षेचं टेन्शन नव्हतं. टेन्शन मला माहीत होतं. टेन्शनमध्ये माणूस जास्त वाचतो. मला त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती पाठ होती, आणि तेच पान चारदा वाचून त्यात काय लिहिलंय ते कळत नव्हतं. रोज पहाटे साडेतीनला जाग यायची, गजर लावल्यासारखी. मेसचा डबा अर्धा परत जायचा. अभ्यासिकेतली जागा महिन्याचे पैसे भरून रिकामी. दादांचा (वडिलांना आम्ही दादा म्हणतो) फोन वाजायचा तेव्हा स्क्रीनकडे बघत बसायचो, तो बंद होईपर्यंत. रडू वगैरे येत नव्हतं. काहीच येत नव्हतं.

मित्र म्हणायचे, 'लोड घेऊ नको.' पुण्यात दिवसातून दहादा कानावर पडणारं वाक्य आहे हे. मी लोड घेतलेला नव्हता. सकाळी डोळे उघडायच्या आधीच तो अंगावर असायचा. 'पॉझिटिव्ह राहा', 'तुला काय कमी आहे', 'आईवडिलांचा विचार कर' ही सगळी वाक्यं सांगणाऱ्याच्या बाजूनं चांगलीच असतात. माझ्यापर्यंत येईतो त्यांचा अर्थ एकच उरायचा : एवढंही तुला जमत नाही. आईवडिलांचा विचार तर मी चोवीस तास करत होतो. माझ्याशिवाय त्यांचं किती बरं चाललं असतं, असा.

त्या पहाटे लावलेल्या फोनवर आधी भाषा निवडायची असते. मी मराठी निवडली. थोडं थांबावं लागलं. मग एका बाईंचा आवाज आला. मला बोलता येईना. त्या म्हणाल्या, "घाई नाही. मी लाइनवर आहे." आणि खरंच थांबल्या. कितीतरी दिवसांत माझ्यासाठी कुणी असं नुसतं थांबलं नव्हतं. मग मी झोपेचं सांगितलं, जेवणाचं सांगितलं. सगळं ऐकून त्यांनी सरळ विचारलं, "मरणाचे विचार येतात का?"

एवढा थेट प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "सकाळी उठूच नये असं वाटतं." हे वाक्य महिनाभर डोक्यात फिरत होतं, पण तोंडातून पहिल्यांदा निघालं. त्या घाबरल्या नाहीत, ओरडल्या नाहीत, 'असं बोलू नये' म्हणाल्या नाहीत. ते विचार किती वेळा येतात, काही ठरवलं आहे का, आत्ता जवळ कोण आहे, एवढं शांतपणे विचारत गेल्या. असं विचारल्यानं मुलाच्या डोक्यात नसलेलं काही भरवलं जाईल, अशी भीती आपल्याकडं फार आहे. मला तर विचारल्यावर श्वास मोकळा झाला. शेवटी त्या म्हणाल्या, "खोलीत जाऊन एका मित्राला उठवा. मी फोनवर आहे तोवर." सांगोल्याचा माझा रूममेट डोळे चोळत उठला. त्यानं काही विचारलं नाही. चप्पल घातली आणि म्हणाला, "चल, चहा उघडला असंल." पाच वाजेपर्यंत आम्ही शास्त्री रस्त्यानं नुसते चालत होतो. दोन दिवसांनी टेली-मानसवरून परत फोन आला, दवाखान्यात गेलात का म्हणून.

गेलो नव्हतो. मला भीती होती ती रेकॉर्डची. उद्या अधिकारी झालो तर हा केसपेपर कुठं निघणार नाही ना? गंमत नाही, खरंच या एका विचारानं मी आठवडा घालवला. शेवटी रूममेटनं माझीच वही उघडून माझ्यासमोर धरली. 'मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, अंमल २९ मे २०१८ पासून.' त्याखाली मीच लिहिलेलं : उपचार मिळण्याचा हक्क, माहिती गोपनीय राहण्याचा हक्क. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला शिक्षा देण्याऐवजी त्याला मदत करणं सरकारचं कर्तव्य, कलम ११५. मी ते कलम नंबरासकट पाठ केलं होतं. ते माझ्यासाठी लिहिलेलं आहे, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

सरकारी रुग्णालयातली रांग सगळ्यांना ठाऊक आहे, तिच्याबद्दल लिहीत नाही. मनोविकार विभाग कुठं आहे असं विचारल्यावर एका माणसानं आधी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मग बोट दाखवलं. त्या कॉरिडॉरमध्ये मी रुमालानं तोंड झाकून बसलो होतो. बाकावर शेजारी एक आजी होत्या, एक बाळंतीण होती आपल्या आईबरोबर, आणि कॉलेजची बॅग घेतलेला एक मुलगा, तोही रुमाल बांधून.

डॉक्टर तरुण होत्या, माझ्यापेक्षा फार तर चार वर्षांनी मोठ्या. त्यांनी नऊ प्रश्नांचा एक कागद दिला. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही, असं किती दिवस झालं? झोपेचं काय? आपण घरच्यांची निराशा केली असं वाटतं का? प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. माझे सतरा भरले. थायरॉइड आणि बी-१२ तपासायला सांगितलं, कारण त्यांच्या गडबडीतही माणूस असाच मरगळतो. रिपोर्ट ठीक आले. मग त्या म्हणाल्या, "हा आजार आहे. नैराश्य म्हणतात याला. तुम्ही कमी पडलात म्हणून झालेला नाही, आणि हा बरा होतो."

आजार. टायफॉइड झाल्यावर कुणी आपल्याला नालायक म्हणत नाही. मी घरी येताना बसमध्ये हा शब्द मनात कितीदा तरी घोळवला. तोवर माझ्याकडं स्वतःसाठी दुसरेच शब्द होते : आळशी, भित्रा, फुकट खाणारा.

गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. तरी पहिले आठ दिवस मळमळ आणि कोरडं तोंड एवढंच पदरात पडलं. तिसऱ्या आठवड्यात एकदा जाग आली तेव्हा बाहेर उजाडलेलं होतं. घड्याळात सव्वासहा. मी ते घड्याळ किती तरी वेळ बघत राहिलो.

गोळीच्या जोडीनं बुधवारी समुपदेशन सुरू झालं. मला वाटलं होतं, समुपदेशक मॅडम उपदेश करतील. त्यांनी वही काढायला लावली. काय घडलं ते एका रकान्यात, त्यावर मनात काय वाक्य आलं ते दुसऱ्यात, आणि मग कसं वाटलं ते तिसऱ्यात. पद्धत अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची, १९५५ च्या सुमाराची. आपल्याकडं ती कि. मो. फडके यांनी रुजवली, मराठीत लिहिली. घडलेली गोष्ट आणि आपल्याला होणारा त्रास यांच्या मधोमध आपलं एक वाक्य बसलेलं असतं, असं तिचं म्हणणं. आपण त्रासाचा ठपका घटनेवर ठेवतो आणि ते वाक्य नामानिराळं राहतं.

माझ्या वहीतलं मधल्या रकान्यातलं वाक्य होतं : 'यंदा मला पास व्हायलाच पाहिजे होतं.'

मॅडमनी पेन घेतला आणि 'च'भोवती गोल केला. म्हणाल्या, "हा काढून वाचा."

'यंदा मला पास व्हायला पाहिजे होतं.'

"अजून थोडं खरं करा."

मी लिहिलं, 'यंदा मला पास व्हायचं होतं. झालो नाही. फार वाईट वाटलं.'

हे वाचताना माझा आवाज फुटला आणि कित्येक महिन्यांनी मी रडलो. पास व्हायचं होतं, हे खरं होतं. पण 'च' लागला की इच्छेचा हुकूम होतो, आणि हुकूम मोडला की गुन्हेगार मीच. त्या आठवड्यात मी घरी बसून माझ्या वाक्यांतले 'च' मोजले. 'दादांना तोंड दाखवायलाच नको.' 'माझ्याच्यानं काहीच होणार नाही.' 'सगळे पुढं गेलेच, मीच राहिलो.' पानभर लाल गोल झाले. आपल्या भाषेत हे एक अक्षर किती सहज शब्दाला चिकटतं, ऐकताना कळतही नाही. मी सव्वीस वर्षं मराठी बोलत होतो आणि मला ते दिसलं नव्हतं.

हे जादूसारखं झालं असं कुणी समजू नये. 'च' खोडला म्हणून नैराश्य जात नाही. गोळ्या नसत्या तर त्या वहीत लिहिण्याइतकं डोकंही चाललं नसतं. आणि 'स्वतःला रोज आरशात सांगा, मी यशस्वी आहे' छापाचे व्हिडिओ मला आजही बघवत नाहीत. मॅडमनी मला एकदाही खोटं गोड वाक्य दिलं नाही. जे खरं आहे तेवढंच लिही, त्यात भर घालू नको, एवढाच त्यांचा आग्रह. 'मी नापास माणूस' हे खोटं. 'मी तीन वेळा पूर्व परीक्षेत नापास झालो' हे खरं. पहिल्या वाक्यानं बाहेरचं दार बंद होतं, दुसऱ्यानंतर निदान पुढचा प्रश्न विचारता येतो.

मधे मी एक घोळ घातला. दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून कुणाला न विचारता गोळ्या बंद केल्या. चौथ्या दिवशी चक्कर, डोक्यात मधूनच करंट लागल्यासारखे झटके, क्षुल्लक कारणावरून रूममेटच्या अंगावर धावून गेलो. परत डॉक्टरांकडं. त्यांनी रागावून नाही, पण स्पष्ट सांगितलं : बरं वाटायला लागल्यावरही काही महिने घ्यायच्या, आणि बंद करताना हळूहळू कमी करत आणायच्या, माझ्या देखरेखीखाली. पुढं २०२४ च्या उन्हाळ्यात त्या तशा बंद झाल्या.

घरी सांगणं राहिलं होतं. दसऱ्याला गेलो तेव्हा गोळ्यांची पट्टी मायला सापडली. रात्री अंगणात दादांनी विचारलं, "ह्या कशाच्या गोळ्या?" मी वहीत तयारी करून ठेवली होती, पण ते काहीच आठवलं नाही. म्हणालो, "दादा, झोप लागत नव्हती. जगूच वाटत नव्हतं. डॉक्टर म्हणाले आजार हाय, बरा होतो." ते बराच वेळ तंबाखू मळत राहिले. तोंडात टाकलीच नाही. मग म्हणाले, "फोन उचलत नव्हतास, मला वाटलं आमची लाज वाटायली तुला." आम्ही दोघं सहा महिने एकाच फोनच्या दोन टोकांना हा असा विचार करत बसलो होतो.

त्यानंतर त्यांच्या फोनचा पहिला प्रश्न बदलला. आधी असायचं, 'अभ्यास कसा चालूय?' आता असतं, 'झोप लागली का रे रात्री?' तो प्रश्न मी त्यांना शिकवलेला नाही.

मी आता परभणीत राहतो. सकाळी एका क्लासमध्ये नववी-दहावीला गणित शिकवतो, दुपारी सरळसेवेच्या परीक्षांचा अभ्यास. गेल्या पोळ्याला गावी गेलो होतो. बैल धुऊन पारावरून येताना नेहमीच्या मंडळींतल्या एका काकांनी हाक दिली, "काय साहेब, कधी आलात?" मी काही बोलायच्या आत दादा थांबले. कासरा या हातातून त्या हातात घेतला आणि म्हणाले, "नाव हाय त्याला. नावानं हाक मार की."

काकांनी मारली.