फार्न बेटांवर सीलची पिल्लं मोजताना : माझा अनुभव

इंग्लंडमधल्या नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्यासमोरच्या या खडकाळ बेटांवर ऑक्टोबरअखेरपासून डिसेंबरपर्यंत ग्रे सीलच्या माद्या विणीला येतात. १९५२ पासून पिल्लांची मोजणी होते. आता ड्रोनही आला आहे, पण इथे लिहितोय ते पायी मोजणीबद्दल.

फेरी साधारण चार दिवसांनी. प्रत्येक फेरीचा रंग वेगळा. नवं पिल्लू दिसलं की त्याच्या पार्श्वभागावर निरुपद्रवी रंगाचा एक छोटा फवारा मारायचा. अंगावर रंग नाही म्हणजे ते मागच्या फेरीनंतर जन्मलेलं. हिशेब बिघडतो तो हवामानामुळे. समुद्र खवळला की बोट लागत नाही, फेरी लांबते आणि मधल्या दिवसांत जन्मून लाटांनी ओढून नेलेलं पिल्लू कुठल्याच रकान्यात येत नाही. तीनेक आठवड्यांत पांढरी लव गळते, तिच्यासोबत रंगही जातो.

वय अंगलटीवरून ओळखतो. कातडीला घड्या, लव पिवळसर, ओली नाळ लोंबतेय : हे नुकतंच जन्मलेलं, वजन सुमारे १४ किलो. मान नाहीशी होऊन पिंपासारखं झालं की दूध सुटायला आलं. दुधात निम्म्याहून अधिक चरबी असते, त्यामुळे अठराएक दिवसांत ते चाळीस किलो पार करतं.

खरं जपायचं ते आपल्या पावलांना. आकाशासमोर आपली आकृती उठून दिसेल असं उभं राहायचं नाही, वाऱ्याची दिशा पाहून जायचं आणि कळप व पाणी यांच्या मध्ये कधीही यायचं नाही. माद्या घाबरून एकदम समुद्राकडे सुटल्या की वाटेतली पिल्लं चिरडतात. काही माय-लेकरांची चुकामूक होते, मग उपासमार. मादी फिस्कारली तर मागे फिरा. ते पिल्लू पुढच्या फेरीत मोजता येईल.

एकटं पिल्लू दिसलं की हौशी माणसं त्याला पाण्यात ढकलू पाहतात. हे तर अजिबात नको! पांढऱ्या लवेच्या वयात चरबीचा थर पुरेसा नसतो, ते गारठतं. आई बहुधा जवळच पोहत असते. लांबूनच नजर ठेवायची.

हातमोजे हवेतच. चावा लागून बोटाचा सांधा सुजला तर डॉक्टरला ‘सील चावला’ असं स्पष्ट सांगा. सीलच्या चाव्यातून होणाऱ्या या संसर्गावर पेनिसिलिन चालत नाही, टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक लागतं.