नेबवर्थ हाऊसमधील मराठी लग्न: एका छायाचित्रकाराचे टिपण

मागच्या जून महिन्यात हर्टफर्डशायरमधील नेबवर्थ हाऊस येथे एका मराठी लग्नाचे छायाचित्रण करण्यासाठी मी आणि माझा सहकारी दोन दिवस होतो. मी गेली काही वर्षे इंग्लंडमध्येच राहते आणि सभागृहांतली, मंदिरांतली लग्ने बऱ्यापैकी टिपली आहेत. परंतु अशा जुन्या जमीनदारी घरात, तेही अंतरपाट आणि होमासह, काम करण्याची ही माझी पहिलीच वेळ होती. परत आल्यावर ओळखीच्या दोन छायाचित्रकारांनी एकाच आठवड्यात याच प्रकारच्या कामाबद्दल विचारले, म्हणून जे चुकले आणि जे साधले ते सविस्तर लिहीत आहे.

प्रथम पोहोचण्याविषयी. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावरून स्टीव्हनेजला गाडी सुमारे अर्ध्या तासात येते आणि तिथून पुढे टॅक्सी करावी लागते. नेबवर्थ नावाचे स्थानकही याच मार्गावर आहे, पण ते गावात आहे. आवाराचे मुख्य फाटक ए-१(एम) महामार्गाच्या सातव्या जंक्शनजवळ, म्हणजे स्टीव्हनेजच्या बाजूला आहे. दिव्यांचे स्टँड, दोन कॅमेरा बॅगा आणि शिडी एवढे सामान असेल तर रेल्वेचा विचारच करू नये. आम्ही स्वतःची मोटार नेली आणि शेवटी मध्यरात्री निघताना त्या निर्णयाचे चीज झाले.

घराबद्दल थोडे सांगणे भाग आहे, कारण त्याच्या बांधणीवरच आपला उजेड ठरतो. मूळ वास्तू १४९० च्या सुमाराची, ट्यूडर काळातली. एकोणिसाव्या शतकात लिटन कुटुंबाने तिचा मोठा भाग पाडून उरलेल्या भागाला गॉथिक रूप दिले, त्यामुळे आज बाहेरून बुरूज, मनोरे आणि विचित्र प्राण्यांचे पुतळे असलेला गिलाव्याचा दर्शनी भाग दिसतो, तर आतल्या मेजवानीच्या दालनात जुन्या ओक लाकडाचे काम आहे. याच कुटुंबातले रॉबर्ट लिटन हे १८७६ ते १८८० या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. दख्खनच्या दुष्काळात भरलेला १८७७ चा दिल्ली दरबार आणि १८७८ चा देशी भाषांतील वृत्तपत्रांवर बंधने घालणारा कायदा यांमुळे आपल्याकडे हे नाव फारशा प्रेमाने घेतले जात नाही. त्यांची मुलगी एमिली हिने १८९७ मध्ये एडविन लुटियन्स या वास्तुरचनाकाराशी लग्न केले. नवी दिल्ली आखणाऱ्या याच लुटियन्सने पुढे सासुरवाडीची बाग नव्याने मांडली आणि छाटलेल्या लिंडेन वृक्षांच्या सरळ रांगा लावल्या. वराच्या आजोबांना हे सारे ठाऊक होते. लिटनच्या घरी नातवाच्या लग्नाच्या अक्षता पडणार याची त्यांना इतकी गंमत वाटत होती की दिवसभरातले त्यांचे सर्वांत मोकळे हसू मला त्या विषयावर बोलतानाच मिळाले.

आपण वाड्यांत वाढलेल्या डोळ्यांनी अशा घरात शिरतो आणि तिथेच फसतो. वाडा आत पाहतो: उजेड चौकात वरून पडतो, सोप्यावर मऊ होऊन पसरतो, आणि माणूस कुठेही बसला तरी चेहरा उजळतो. इंग्रजी जमीनदारी घर बाहेर पाहते. उजेड एका कुशीने खिडकीतून येतो, खिडकीपाशी भरपूर असतो आणि चार पावलांवर नाहीसा होतो, आणि उरलेला गडद ओक गिळून टाकतो. म्हणून नवरीचे तयार होतानाचे फोटो खोलीच्या मधोमध ठेवलेल्या सुंदर आरशापुढे न घेता खिडकीला तिरके बसवून घ्यावेत, आणि खोलीतले पिवळे दिवे धीटपणे बंद करावेत. दोन रंगांचा उजेड एकत्र आला की हिरवा शालू मातकट दिसू लागतो आणि नंतर संगणकावर कितीही डोके फोडले तरी तो मूळ रंगावर येत नाही. फ्लॅश छतावर मारून उजेड पसरवण्याची सवय इथे सोडावी, कारण लाकडी छत तपकिरी उजेड परत पाठवते. शिवाय जुनी कापडे आणि चित्रे असलेल्या दालनांत फ्लॅशला अनेकदा मनाईच असते, तेव्हा ते आधी विचारावे. मी आतले सगळे काम एफ १.४ च्या, म्हणजे भरपूर उजेड आत घेणाऱ्या, ३५ मिलिमीटर भिंगावर आणि कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, ३२०० ते ६४०० ठेवून केले, आणि त्याचा मला कुठेही पश्चात्ताप झाला नाही.

आता माझी पहिली चूक. आदल्या दिवशी जागा पाहायला आम्ही संध्याकाळी पाच वाजता गेलो, कारण त्या वेळी व्यवस्थापकांना सवड होती. मी आनंदाने कोपरे हेरले, वहीत रेखाटने केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पाहिले तर हेरलेले अर्धे कोपरे काळोखात आणि उरलेले अर्धे रखरखीत उन्हात. जागा ज्या घटकेला लग्न आहे त्याच घटकेला पाहावी. ते जमत नसेल तर निदान होकायंत्र घेऊन फिरावे आणि सूर्य कुठे असेल ते कागदावर मांडावे. इथे एक गोष्ट भारतातून आलेल्यांच्या लक्षात पटकन येत नाही: उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे असते, त्यामुळे सूर्य माथ्यावर, खरे तर दक्षिणेला सर्वांत उंच, बाराला नव्हे तर एकच्या सुमारास येतो. तेव्हाही तो जूनमध्ये सुमारे ६२ अंशांच्या वर जात नाही. डिसेंबरात तर तो भर दुपारी १५ अंशांवरच रेंगाळतो आणि चारच्या आत मावळतो, म्हणून हिवाळ्यातल्या लग्नाचे बाहेरचे सगळे फोटो जेवणाआधी उरकावे लागतात.

हेच गणित मुहूर्तालाही लागू होते. गुरुजींनी मुहूर्त लंडनच्या पंचांगावरून काढला होता आणि तो अभिजित, म्हणजे मध्यान्हीच्या आसपासचा, दुपारी १२ वाजून ४० मिनिटांचा होता. दिवस साडेसोळा तासांचा असल्यामुळे त्याचा पंधरावा हिस्सा असलेला अभिजितही इथे तासाभराहून थोडा मोठा होतो, ही माहिती गुरुजींनीच मला दिली आणि माझा जीव भांड्यात पडला, कारण त्याआधीचा कार्यक्रम लांबण्याची दाट शक्यता होती.

त्याआधीचा कार्यक्रम म्हणजे कायदेशीर विवाह. इंग्लंडमध्ये १९९५ पासून मान्यताप्राप्त खासगी वास्तूंत नोंदणी विवाह लावता येतो, पण त्यात धार्मिक मजकुराला जागा नसते. आणि अशा वास्तूत गुरुजींनी लावलेले लग्न कायद्याच्या दृष्टीने तेवढ्यावर पुरे होत नाही. म्हणून अनेक मराठी कुटुंबे एकतर आधीच नोंदणी कार्यालयात जातात, नाहीतर त्याच दिवशी, त्याच घरात दोन्ही लग्ने लावतात. आमच्याकडे दुसरा प्रकार होता. नोंदणी अधिकारी साडेदहाच्या ठोक्याला आल्या आणि त्यांना पुढे दुसरीकडे जायचे होते. छायाचित्रकाराने त्यांना सोहळ्याआधी स्वतः जाऊन भेटावे, कुठे उभे राहू आणि कुठपर्यंत चालू हे विचारावे, आणि खऱ्या दस्तऐवजाचा जवळून फोटो घेण्याच्या फंदात पडू नये. सहीचे चित्र हवे असल्यास त्या बहुधा नंतर एक कोरा कागद ठेवून नवरा-नवरीला पुन्हा बसू देतात. हा सगळा सोहळा वीस मिनिटांत संपतो. तीन तासांच्या विधींची सवय असलेल्या आमच्या डोळ्यांना तो सुरू झाला की नाही हे कळेपर्यंत टाळ्या वाजल्या होत्या.

मांडव बागेतल्या हिरवळीवर होता आणि हा निर्णय यजमानांनी शहाणपणाने घेतला होता. जुन्या वास्तूत उघडा अग्नी पेटवण्यास परवानगी मिळणे अवघड असते, आणि मिळालीच तर धूरसूचक यंत्रणा, अग्निशामक आणि गालिचे या साऱ्यांची बोलणी महिनाभर आधी करावी लागतात. होमाला जोडपे पूर्वेकडे तोंड करून बसणार हे गुरुजींना विचारून घ्यावे, कारण मग दुपारचे ऊन त्यांच्या उजव्या अंगाने येणार हे निश्चित होते आणि मांडवाच्या त्या बाजूला पांढरे पातळ कापड लावून घेता येते. आम्ही लावून घेतले. मांडव बांधणाऱ्यांनी कुरकुर केली, पण सप्तपदीचे फोटो पाहिल्यावर ते मला सार्थ वाटले.

दुसरी चूक अंतरपाटाची, आणि ती मी जन्मभर विसरणार नाही. पांढरा अंतरपाट वधू-वरांच्या मध्ये धरलेला असतो तेव्हा तो नुसता पडदा नसतो. तो दोन्ही चेहऱ्यांवर उजेड फेकणारा मोठा परावर्तक असतो. मंगलाष्टके चालू असताना मी त्या उजेडाप्रमाणे एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, हाताने पक्के केले, ताराबलं चंद्रबलं झाले, अंतरपाट बाजूला गेला, आणि त्याबरोबर तो उजेडही गेला. ज्या क्षणासाठी आपण उभे असतो त्याच क्षणाचे पहिले चार फोटो जवळजवळ एक स्टॉपने, म्हणजे निम्म्या उजेडाने, काळे आले. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात टिपत असल्यामुळे ते वाचवता आले, पण अंतरपाट सरकण्याआधीच एक्स्पोजर वाढवून ठेवावे किंवा त्या तीस सेकंदांपुरते कॅमेऱ्याच्या स्वयंचलित मोजणीवर विसंबावे. दोन छायाचित्रकार असतील तर एकाने वधूच्या आणि दुसऱ्याने वराच्या खांद्यामागे राहावे. मधे कुणी मामा आडवे येणार हे गृहीत धरावे आणि मामांवर चिडू नये, अंतरपाट धरणे आणि मुलीला आणणे हा त्यांचा मान आहे.

अक्षतांबाबत यजमानांशी आधी बोलणे आवश्यक आहे. कच्चे तांदूळ फरशीवर आणि पायऱ्यांवर घसरतात म्हणून अशा जागी त्यांना पुष्कळदा मनाई असते आणि वाळलेल्या फुलांच्या पाकळ्या चालतात. आमच्याकडे मांडवात अक्षता आणि घराच्या पायरीवर पाकळ्या अशी तडजोड झाली. फोटोच्या दृष्टीने पाकळ्या सरस ठरल्या, कारण त्या हवेत रेंगाळतात, तर अक्षता १/१००० सेकंदाहून संथ शटरवर टिपल्यास नुसत्या रेघा दिसतात. हळद मात्र घरात नकोच. दगडी ओटा किंवा गवत पाहावे.

गटांच्या छायाचित्रांवर मी जास्त लिहिणार नाही. दोन्हीकडची माणसे नावाने ओळखणारी एकेक काकू किंवा आत्या यादीसह शेजारी उभी करावी, आजी-आजोबांचा गट सर्वांत आधी घ्यावा, आणि घराच्या उत्तरेकडची सावली धरावी, मग दर्शनी भाग कितीही मोहक असो. रेतीच्या वाटेवर नऊवारी आणि जोडवी घालून चालणे किती अवघड असते हे विसरू नये. बागेतल्या प्रत्येक नव्या कोपऱ्याची किंमत नवरीच्या पायांना मोजावी लागते. अशा बागांच्या कडेला बऱ्याच ठिकाणी हा-हा नावाचा प्रकार असतो. नाव ऐकून हसू येते, पण तो एक लपलेला खंदक असतो, अशा बेताने खणलेला की घरातून पाहताना हिरवळ थेट कुरणात मिसळल्यासारखी दिसते. मोठा गट चौकटीत बसवण्यासाठी मागे मागे सरकणाऱ्या छायाचित्रकाराने आधी मागे वळून पाहावे.

लुटियन्सच्या लिंडेन रांगांतले जोडप्याचे फोटो आम्ही मुद्दाम संध्याकाळी साडेआठला घेतले. सूर्यास्त सव्वानऊनंतर होता, ऊन आडवे येत होते, आणि जेवण व उखाणे उरकलेली नवरी आता कुणालाच घाबरत नव्हती. पंचवीस मिनिटांत दिवसाचे सर्वोत्तम काम झाले. जूनमधल्या लग्नाच्या वेळापत्रकात ही पंचवीस मिनिटे लेखी मागून घ्यावीत. तोंडी ठरलेली वेळ केक कापण्यात जाते.

रात्रीचा कार्यक्रम आवारातल्या जुन्या लाकडी कोठारात होता. अशा जागी ध्वनिमर्यादा यंत्र बसवलेले असू शकते, जे आवाज ठरलेल्या पातळीवर गेला की वादकांच्या प्लगांचा वीजपुरवठा तोडते. ढोल-ताशा ठरला असेल तर तो बाहेर आणि दिवसा वाजवण्याची परवानगी काढावी, आणि आपले दिवे त्याच प्लगांवर न लावता बॅटरीवर चालवावेत.

कागदपत्रांचे तीन मुद्दे. बहुतेक जागा सार्वजनिक दायित्व विम्याचे प्रमाणपत्र मागतात आणि विजेच्या उपकरणांची तपासणी झालेली आहे का हेही विचारतात. कॅमेरा असलेले ड्रोन उडवायचे असेल तर नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाकडील नोंदणी बहुधा लागते, शिवाय जागेच्या मालकांची स्वतंत्र संमतीही. आणि पुण्या-मुंबईहून येऊ पाहणाऱ्या मित्रांना कळकळीने सांगते की पर्यटक व्हिसावर येऊन इथे मानधनाचे काम करता येते असे कुणाच्या तोंडी आश्वासनावरून गृहीत धरू नये. ब्रिटिश गृहखात्याचे नियम वाचूनच करार करावा.

निघण्याआधी मोटारीतच कॅमेऱ्याच्या सर्व मेमरी कार्डांच्या दोन प्रती काढल्या, एक माझ्या बॅगेत आणि एक सहकाऱ्याच्या. मग दिवे मंद ठेवून अगदी हळू निघालो, कारण आवारात लाल हरणे आणि सिका हरणे मोकळी असतात आणि रात्री ती रस्त्यावर येऊन उभी राहतात. दोन हरणे आलीच. दहा मिनिटे ती हलली नाहीत, आणि माझे दोन्ही कॅमेरे डिकीत होते.