थंडी नाशकात, सुरमई कोमट

निफाडच्या द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटल्याचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागले की बागायतदारांना मणी तडकण्याची धास्ती लागते आणि माझ्यासारख्या नाशिकच्या मासळी व्यापाऱ्याला सुरमईच्या भावाची. कारण एकच. उत्तरेचा जो वारा आमच्याकडे पारा खाली आणतो, तोच डहाणू-सातपाटीपुढे समुद्र खवळवतो. लहान होड्या बंदरातून हलत नाहीत, आणि खोल पाण्यात गेलेल्यांचं परतणं लांबतं. हैदराबादहून 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था लाटांचा नि वाऱ्याचा अंदाज देते, तो मी रोज रात्री बघतो. गंगापूर रोडवर बसून हा लाटा मोजतो, अशी घरात माझी थट्टा चालते. चालू दे.

एरवी हिवाळा आमच्या धंद्याचा सुगीचा काळ. १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी केव्हाच मागे पडलेली असते, मार्गशीर्षातले गुरुवारही संपलेले असतात, पाणी निवळलेलं असतं. सुरमई, हलवा, माकूल चांगलं मिळतं. सुरमईसाठी रात्री तरंगतं जाळं सोडतात. मासा त्यात डोकं घालतो आणि कल्ल्यांपाशी अडकतो. चांदण्यात त्याला जाळं दिसतं, म्हणून अंधारी रात्र बरी, असं तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, सांगतात. हा हिशेब आम्हा घाटावरच्या व्यापाऱ्यांनाही हळूहळू पाठ होतो.

त्या आठवड्यात अमावास्या जवळ होती, पण वारा काही ऐकेना. त्यात प्रजासत्ताक दिनाला जोडून सुट्ट्या आलेल्या. द्राक्षमळ्यांकडच्या एका रिसॉर्टची सुरमईची मोठी ऑर्डर माझ्याकडे होती. शुक्रवारी पहाटे मुंबईच्या ससून डॉकवरच्या आमच्या माणसाचा फोन आला, "भाऊ, लिलावात काहीच दम नाही. बोंबील, मांदेली आहे, थोडं माकूल. सुरमई बघायलाही नाही." तो माल त्याला कसाऱ्यामार्गे पाठवायला सांगितला. सुरमईसाठी पालघरकडच्या एका दलालाला विचारलं. त्याच्याकडे एकाच बोटीचा माल होता, भाव दीडपट. हो म्हटलं.

पिकअप जव्हार, मोखाडा, त्र्यंबक करत साडेनऊच्या सुमारास दारात आली. ड्रायव्हरदादा मफलर गुंडाळून उतरले. "त्र्यंबकला हात कापत होते बघा. एवढ्या थंडीत मासळीला काय होतंय!" क्रेटवरची ताडपत्री काढली. सुरमई देखणी होती, अंगावर चकाकी, डोळे बरे, कल्ले लालसर. हात लावला तर गार. बर्फ मात्र नावाला, वरून भुरभुरवलेला.

माझ्याकडे सुईचा थर्मामीटर असतो. कातडीखाली सुई टेकवली तर ८ अंश. तीच पाठीच्या जाड मांसात, कण्यापर्यंत घुसवली तर १५. दुसरा मासा, तिसरा मासा, तळच्या क्रेटमधला, सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच.

इथेच लोक फसतात. थंड हवा माशाचं अंग गार करते, आतला ऊबदारपणा काढून घ्यायला तिला फार वेळ लागतो. बर्फाची गोष्ट वेगळी. वितळताना तो उष्णता ओढतो आणि त्याचं गार पाणी माशाच्या अंगाला भिडून खाली वाहतं. म्हणून आपल्याकडे जितका मासा तितका बर्फ, हे प्रमाण. आणि सुरमई काही नाशिकच्या थंडीत पोहत नसते. जानेवारीतही आपल्या किनाऱ्याचं पाणी २५ अंशांच्या आसपास असतं.

दलालाकडून त्या बोटीच्या तांडेलांचा नंबर घेतला. मी आडून विचारलं नाही.

"तांडेल, जाळं कधी ओढलं?"

"रात्री टाकलेलं. पहाटे ओढायचं होतं, पण वारा असा की बोट उभी राहीना. ओढेपर्यंत दुपार झाली."

"आणि बर्फ?"

"बर्फ बरोबर नेलेला तेवढाच. परत यायला उशीर झाला, संपत आला होता. खोटं कशाला सांगू?"

माणूस सरळ होता. पण म्हणजे ती सुरमई जाळ्यात मरून कित्येक तास त्या कोमट पाण्यात लटकली होती, आणि नंतरही पुरती गार झाली नव्हती. सुरमई, बांगडा, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा मेल्यावर उबेत जीवाणू त्याचं हिस्टामिन करतात, आणि ते जास्त झालं की बाधतं. खाणाऱ्याचा चेहरा लालबुंद होतो, तोंडात चुरचुरतं, डोकं ठणकतं, छाती धडधडते, तेही बऱ्याचदा तासाभरात. लोक समजतात ॲलर्जी. वासावरून ते कळेलच असं नाही. त्या लॉटमध्ये ते किती होतं हे प्रयोगशाळेतच कळलं असतं, पण रिसॉर्टचं जेवण रात्रीचं होतं.

माल उतरवू नका म्हटलं. ड्रायव्हरदादा माझ्याकडे बघतच राहिले.

रिसॉर्टच्या शेफला फोन केला. तो तापला. "अहो, आम्ही कच्ची थोडीच वाढणार आहोत? रवा लावून कडक तळणार. तळल्यावर काय राहतंय?"

"शेफ, जीवाणू मरतील. हिस्टामिन तेलात जात नाही, फ्रीजरमध्येही जात नाही. एकदा तयार झालं की झालं."

"मेन्यू छापून झालाय!"

"मग बोंबील छापा."

हे जरा उद्धट झालं, पण सकाळपासून मीही उपाशी होतो. शेवटी मुंबईहून आलेले बोंबील आणि माकूल त्याने घेतले, कुरकुरत. ते क्रेट मी त्याच्या माणसासमोर उघडले. तळापर्यंत बर्फाचा चुरा, सुई २ अंशांवर. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी बोंबील आनंदाने खाल्ले म्हणे. एक कुटुंब मात्र सुरमई नाही म्हणून मॅनेजरशी भांडलं.

दलालाचा संध्याकाळपर्यंत फोन येत राहिला. त्याचं म्हणणं, नाशिकचे लोक दिसायला सुंदर माल परत पाठवतात, नखरे फार. मी त्याला एवढंच सांगितलं की इथून पुढे तुमच्या गाडीतल्या मालाचं तापमान दारात मोजणार आणि कण्यापाशी ५ अंशांच्या वर सुई गेली तर क्रेट उतरणार नाही. परत पाठवलेल्या लॉटचं त्याने काय केलं, हे मी विचारलं आणि त्याने सांगितलं नाही. ही गोष्ट मला अजून खटकते.

रविवारी वारा पडला. सोमवारी सकाळी डॉकवरून सुरमई आली, भाव पुन्हा खाली. दलालाशी व्यवहार चालू आहे. फक्त त्या शुक्रवारचं जाण्यायेण्याचं गाडीभाडं कोणी द्यायचं, यावर आमचं अजून जमलेलं नाही.