मशीन सुरू करायच्या आधी

आज दुपारी फोन आला तो थेट आवाज चढवूनच. "तुमच्या केमिकलनं आमच्या कार्पेटचा रंग उडवलाय. नारिंगी ठिपके पडलेत. आत्ता येऊन बघा, नाहीतर भरपाई द्या." मी घरोघरी जाऊन कार्पेट धुऊन देतो, आणि हे घर मागच्याच आठवड्यात केलं होतं. तपकिरी नायलॉनचं कार्पेट, भिंतीपासून भिंतीपर्यंत, आणि काम मनासारखं झालेलं. निघताना मॅडम खूश होत्या. आज पोचलो तर साहेब दारातच हाताची घडी घालून उभे.

एकट्याच्या धंद्यात अशा वेळी पोटात गोळा येतो. वर कुणी साहेब नाही, "ऑफिसला विचारून सांगतो" म्हणायची सोय नाही. कार्पेट बदलून द्यायची वेळ आली तर कित्येक कामांची कमाई एका फटक्यात जाते. पण एक सवय मी स्वतःला लावून घेतली आहे. समोरचा कितीही ओरडत असला तरी आधी गुडघ्यावर बसायचं आणि डाग बघायचा. बोलायचं ते त्यानंतर.

ठिपके बोटाच्या पेराएवढे होते, कडा पुसट. पलंगाच्या एका अंगाला दाट, आरशासमोर काही, तिथून बाथरूमच्या दारापर्यंत तुरळक. बाकी खोलीत एकही नाही. माझं द्रावण सगळ्या खोलीवर सारखंच फवारलेलं असतं. त्यानं रंग गेला असता तर पट्टेच्या पट्टे फिके पडले असते. मी विचारलं, ही खोली कुणाची? मुलाची. मग म्हटलं, "त्याच्या उशीचा अभ्रा जरा बघायला मिळेल का?"

साहेबांना प्रश्न आवडला नाही, पण मॅडमनी अभ्रा आणला. गडद निळा अभ्रा, आणि गाल टेकतो नेमक्या त्या जागी फिकट गुलाबीसर चट्टे. तेवढ्यात मुलगाही दारात येऊन उभा राहिला. कपाळावर, हनुवटीवर मुरुमं. मी त्यालाच विचारलं, "रात्री चेहऱ्याला मलम लावतोस का रे?" त्यानं मान हलवली आणि ट्यूब आणून दाखवली. बेंझॉइल पेरॉक्साइड.

मुरुमांवरच्या बऱ्याच मलमांत हे असतं आणि ते कापडाचा रंग खातं. पाण्यात सहजासहजी विरघळत नाही, म्हणून हातावरून, गालावरून कार्पेटवर आलेला कण तिथेच बसून राहतो आणि ओल मिळाली की कामाला लागतो. तपकिरी रंग लाल, पिवळा आणि निळा मिसळून झालेला असतो. त्यातला निळा सगळ्यात आधी जातो आणि उरलेल्या दोघांचं नारिंगी दिसायला लागतं. धुतल्यावर आठवड्यानं ठिपके दिसले की कुणालाही वाटणार, धुणाऱ्यानंच केलं. साहेबांच्या जागी मी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं.

माझ्या पिशवीत त्यांच्याच सहीचा कागद होता. काम सुरू करायच्या आधी मी प्रत्येक घरात विचारतो: काय सांडलं, कधी सांडलं, घरच्या घरी काय लावून पाहिलं, कुणी औषधी मलम वापरतं का. या घरी "मलम नाही" असं लिहिलं गेलं होतं. त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं, त्यांना माहीतच नव्हतं. तो कागद मी बाहेर काढला नाही. आधी सही दाखवली की कोर्टकचेरी सुरू होते आणि समोरचा माणूस शेवटपर्यंत स्वतःचीच बाजू धरून बसतो. अभ्र्यानं जे झालं ते कागदानं झालं नसतं. साहेबांनी घडी घातलेले हात सोडले, तेही कार्पेटवर बसले आणि बोटानं एकेक ठिपका चाचपून बघायला लागले.

मुलगा मात्र पार ओशाळला होता, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. त्या वयात चेहऱ्याचं दुःख आधीच पुरेसं असतं. मी सगळ्यांसमोर सांगितलं की यात त्याचा दोष नाही. रंगीत कापडाला लागू देऊ नका ही सूचना ट्यूबवर बारीक अक्षरात असते आणि कुणीच वाचत नाही. मलम बाथरूममध्येच लावायचं, हात साबणानं धुवायचे, उशीला आणि अंग पुसायला पांढरं कापड ठेवायचं. ठिपक्यांचंही स्पष्ट सांगितलं. हा डाग नाही, इथला रंग गेलेला आहे, तो धुवून परत येणार नाही. तिथे पुन्हा रंग भरता येतो, किंवा कपाटाखाली न दिसणाऱ्या जागेचा तुकडा काढून इथे बसवता येतो. विचार करून सांगतो म्हणाले. जाताना साहेब गाडीपर्यंत आले.

हा प्रसंग चांगला निभावला म्हणून लिहावासा वाटला. सगळे असे निभत नाहीत.

या धंद्यात ज्याला कटकट्या गिऱ्हाईक म्हणतात, ते बऱ्याच वेळा आमच्याच लोकांनी तयार केलेलं असतं, हे मला मनापासून वाटतं. फोनवर "शंभर टक्के जाईल, नव्यासारखं करून देतो" म्हणून काम घ्यायचं आणि डाग निघाला नाही की "मॅडम, डाग जुना होता" म्हणायचं. डाग जुना होता हे मशीन लावायच्या आधीही दिसत होतंच ना! तेच वाक्य आधी सांगितलं तर लोक सल्ला म्हणून ऐकतात. नंतर सांगितलं की ती सबब होते, मग ते कितीही खरं असो. असं दोनदा फसलेलं माणूस तिसऱ्याच्या डोक्यावर येऊन उभं राहतं. तो तिसरा पुष्कळदा मी असतो.

डोक्यावर उभ्या राहणाऱ्यांचा मला त्रास होत नाही. उलट त्यांना मी मशीननं कार्पेटमधून ओढून घेतलेलं, खालच्या टाकीतलं काळं पाणी दाखवतो, प्रश्न विचारू देतो. अर्ध्या तासात ते खुर्चीत बसतात.

सगळ्यात जास्त तक्रार असते ती "डाग परत आला" ही. इथे गिऱ्हाईक खोटं बोलत नसतं, डाग खरंच परत येतो. कॉफी सांडली की वरची पुसली जाते, पण बरीचशी धाग्याच्या मुळाशी, अस्तरापर्यंत उतरलेली असते. धुताना पाणी तिथवर पोचतं आणि ती विरघळते. मग कार्पेट वाळताना दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं ते पाणी धाग्यातून वर चढतं, टोकाशी येऊन उडून जातं आणि सोबत आणलेला रंग तिथेच ठेवून जातं. संध्याकाळी लख्ख दिसलेलं कार्पेट सकाळी पुन्हा डागाळलेलं. म्हणून अशा जागी मी पाणी कमी सोडतो, नुसतंच ओढून घेणं जास्त वेळ करतो, पंखा लावतो, आणि जाड पांढरा टॉवेल वजन ठेवून रात्रभर तिथेच सोडतो, म्हणजे वर येणारा डाग टॉवेलमध्ये जातो. आणि निघताना सांगून ठेवतो: "दोन दिवसांत इथे पुन्हा काही डोकावलं तर घाबरू नका, फोन करा, मी पैसे न घेता येईन." हे ऐकलेलं माणूस फोन करतं तेव्हा त्याचा आवाजच वेगळा असतो.

दुसरी तक्रार, महिन्यात पुन्हा काळं पडलं. याचं मूळ बहुतेक वेळा आधीच्या साबणात असतं. केसांचा शाम्पू, भांड्यांचा लिक्विड साबण, जे हाताशी लागेल ते लोक डागावर चोळतात आणि नीट काढत नाहीत. राहिलेला साबण चिकट असतो, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाची धूळ धरून ठेवतो. विचारलं तर "आम्ही काहीच लावलं नाही." मी वाद घालत नाही. नुसतं गरम पाणी मारलं आणि मशीनच्या टाकीत फेस वर आला, की त्यांना बोलावून फेस दाखवतो. पुष्कळदा मग हसत हसत सगळं बाहेर येतं, व्हिनेगर, सोडा, ब्लीच, कुणी काय सांगितलं होतं ते. लाज वाटून लपवलेलं असतं. डॉक्टरकडे काय काय खाल्लं ते लपवण्यापैकीच हे आहे, आणि तिथल्यासारखंच इथेही नुकसान लपवणाऱ्याचंच होतं, कारण एकावर एक पडलेल्या दोन केमिकलांचं काय होईल हे मला आधी कळायला हवं.

वाटेवरचा करडेपणा समजावणं सगळ्यात अवघड. दारापासून सोफ्यापर्यंतची पट्टी कितीही धुतली तरी बाजूच्या कार्पेटपेक्षा मळकट दिसते. तिथे मळ उरलेला नसतो. पायाखालच्या वाळूच्या कणांनी धागे ओरखडले गेलेले असतात आणि ओरखडलेल्या धाग्यावरून उजेड वेगळा परततो. मी भिंग जवळ ठेवतो. सोफ्याखालचा एक धागा आणि वाटेवरचा एक धागा पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवून दाखवतो. तरी काहींना पटत नाही. त्यांना मी आधीच सांगतो की माझ्याकडून काम करून घेऊ नका, तुमचं समाधान होणार नाही. हातचं काम जातं, पण नंतरचा आठवडाभराचा मनस्ताप वाचतो.

लोकरीच्या गालिच्यांच्या बाबतीत मात्र मी गिऱ्हाईकाचं अजिबात ऐकत नाही. "जरा कडक काहीतरी टाका, ब्लीच टाका," असा आग्रह खूप होतो. लोकर म्हणजे केस, प्रथिन. क्लोरीनचं ब्लीच ती विरघळवून टाकतं, आणि तीव्र अल्कलीनंही ती खराब होते. तिला सौम्य, आम्लाकडे झुकणारं द्रावणच लागतं. एका काकूंचा विश्वास बसेना, तेव्हा गालिच्याच्या गोंड्यातून सुटलेला पुंजका त्यांच्याच ब्लीचमध्ये वाटीत टाकून ठेवला आणि कामाला लागलो. काम संपेपर्यंत पुंजका विरघळत आला होता. त्यानंतर त्यांनी माझ्याकडे शेजारणींना पाठवलं.

पाळीव कुत्र्या-मांजरांच्या वासाचं गणित उलटं असतं. धुतल्यावर वास वाढला म्हणून लोक चिडतात. मूत्र वाळल्यावर त्यातल्या युरिक आम्लाचे क्षार खाली अस्तरात, फोममध्ये बसून राहतात. ओल लागली, हवा दमट झाली की वास पुन्हा उठतो. वरवर धुणं म्हणजे त्याला जागं करणं. अशा घरी मी आधी अंधार करून अतिनील दिवा फिरवतो. कुठे कुठे झालंय ते घरच्यांनाच दिसतं आणि काही जण अक्षरशः खाली बसतात. मग एन्झाइमवाल्या द्रावणाला किती वेळ लागेल आणि कुठे फोमच बदलावा लागेल, हे बोलणं सोपं जातं. त्या प्राण्यावर राग काढू नका, एवढं मी प्रत्येक घरी सांगतो. म्हातारं झालेलं जनावर असतं बिचारं.

हे सगळे लोक मला कठीण वाटत नाहीत. घाबरलेले असतात, महागाची वस्तू असते, आधी कुणीतरी फसवलेलं असतं. समजावता येतं.

न समजणारे वेगळे. काम होईपर्यंत गोड बोलतात आणि मशीन गाडीत चढलं की सुरू होतात: "एवढे कसले पैसे, पाणीच तर मारलंत." किंवा "आलाच आहात तर हा सोफाही उरकून टाका." आता दर आधी मेसेजवर लिहून देतो, खोल्या आणि नगांसकट. सोफा आयत्या वेळी आला तर त्याचा वेगळा दर तिथेच सांगतो आणि होकार मिळाल्याशिवाय हात लावत नाही. एकानं तर कमी करा, नाहीतर तुमच्याबद्दल वाईट लिहितो, असं तोंडावर सांगितलं. लिहा म्हटलं. त्या दिवशी दर कमी केला असता तर पुढच्या प्रत्येक घरात माझा हात थरथरला असता. पैसे अर्धेच आले. उरलेल्यांचे दोन मेसेज टाकून विषय सोडून दिला. त्यांच्या मागे फिरण्यात जो दिवस जाईल त्यात एक काम होतं.

एकच गोष्ट मी खपवून घेत नाही. मोठ्या कामाला मदतीला एक पोरगा नेतो. नळ्या उचलणं, फर्निचर सरकवणं, पायांखाली प्लॅस्टिकचे तुकडे घालणं, म्हणजे लाकडाचा रंग आणि लोखंडाचा गंज ओल्या कार्पेटवर उतरत नाही. पोरगा मन लावून करतो. एका घरी त्यानं पाणी प्यायला मागितलं तर त्याला जे बोलण्यात आलं ते मला इथे लिहायचं नाही. मी नळ्या गुंडाळल्या, जेवढं ओलं झालं होतं तेवढं कोरडं ओढून दिलं, कारण अर्धवट ओलं सोडलं की अस्तर कुजतं, आणि एक पैसा न घेता निघालो. पोराला त्या दिवसाची मजुरी माझ्या खिशातून दिली. त्या घरून नंतर दोन-तीनदा फोन आला. मी उचलला आणि सरळ सांगितलं की तुमच्याकडे मी काम करणार नाही.