चॉकलेटच्या गावातला बर्फ आणि शाळेच्या मैदानावरची माती

ताईच्या फ्रिजवर दोन वेळापत्रकं लावलेली होती. एक भाच्याच्या शाळेच्या बेसबॉल संघाचं, दुसरं हर्शी बेअर्स या आइस हॉकी संघाचं. दोन्हींवर निळ्या पेनानं गोल केलेले. मी अमेरिकेत पोचायच्या आधीच दाजींनी माझ्या तीन आठवड्यांची आखणी त्या गोलांवरून करून टाकली होती. "नायगारा पुढच्या खेपेला बघू," ते म्हणाले. "एप्रिलात आलायस, आता मॅच बघूनच जा."

मी कोल्हापूरचा. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळाची फुटबॉल मॅच असली की शाहू स्टेडियमच्या दिशेनं अख्खी पेठ कशी चालायला लागते, हे पोरवयापासून बघत आलोय. त्यामुळे दाजींचा बेत मला मनापासून पटला. गाव कळायचं असेल तर गावच्या संघाच्या मॅचला जावं, असं माझं आजही ठाम मत आहे.

ताईचं घर पेनसिल्व्हेनियात, हॅरिसबर्गपासून नदीपल्याड. इथे एप्रिल हा जोडमहिना. हॉकीचा मोसम साखळी सामने संपवून बाद फेरीकडे वळत असतो, आणि मार्चअखेर सुरू झालेला शाळांचा बेसबॉल ऐन रंगात येत असतो. चार वाजता शाळेच्या मैदानावर आणि सात वाजता बर्फाच्या कडेला, असं एकाच दिवशी दोन्हीकडे जाता येतं. आम्ही दोनदा गेलो.

पहिली मॅच हॉकीची. सस्क्वेहाना नदीचा पूल लागतो तो चांगलाच लांब. नदी रुंद, उथळ, मधे खडक आणि बेटं. त्यातल्या एका बेटावर चक्क बेसबॉलचं स्टेडियम आहे, हॅरिसबर्ग सेनेटर्सचं. तिथून अर्ध्या तासाच्या आत हर्शी. गावात शिरलं की रस्त्याचं नाव चॉकलेट ॲव्हेन्यू, आणि दिव्याच्या खांबांवरचे दिवे 'किसेस' या चॉकलेटच्या आकाराचे. काही दिवे चांदीच्या कागदात गुंडाळल्यासारखे, काही कागद सोललेले. हे सगळं गावच मिल्टन हर्शी या माणसानं आपल्या चॉकलेट कारखान्याभोवती वसवलं. हॉकीचा संघही त्याच्याच काळातला, १९३२ सालचा. सुरुवातीचं नाव हर्शी बार्स. १९३८ पासून हा संघ अमेरिकन हॉकी लीगमध्ये, म्हणजे एएचएलमध्ये, सलग खेळतोय आणि गाव एकदाही बदललेलं नाही. अमेरिकेत संघ विकले जातात, नाव-बिऱ्हाडासकट दुसऱ्या राज्यात हलतात. त्या देशात हे मला फार मोठं वाटलं.

नवं स्टेडियम, जायंट सेंटर, २००२ मध्ये झालं. पण दाजींनी गाडी आधी जुन्या हर्शीपार्क अरीनासमोर थांबवली. १९३६ ची इमारत. मंदीच्या काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून मिल्टन हर्शीनं एकामागून एक बांधकामं काढली, त्यातलं हे एक. वर काँक्रीटचं पातळ कवच कमानीसारखं टाकलेलं, आणि आत खांब एकही नाही. कुठेही बसा, नजरेआड काही येत नाही. मला लगेच आमचं खासबाग आठवलं. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून घेतलेलं ते मैदान खोलगट आहे, कारण शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कुस्ती दिसली पाहिजे. दोघांनीही बांधताना बघणाऱ्याचा विचार आधी केला होता. याच जुन्या अरीनात २ मार्च १९६२ रोजी विल्ट चेंबरलेननं बास्केटबॉलच्या एका सामन्यात १०० गुण केले होते. बाहेरून इमारत साधी, जरा थकलेली. मी तिच्या भिंतीला हात लावून आलो.

आइस हॉकी टीव्हीवर बघितली तर डोक्यावरून जाते, पक, म्हणजे चेंडूच्या जागी असते ती रबरी चकती, दिसतच नाही. बर्फाभोवतीच्या काचेपासून चौथ्या रांगेत बसलो तेव्हा तो खेळ मला कळला, आणि आधी कळला तो कानांनी. स्केटची धार बर्फ कापते तो करकर आवाज. कडेच्या फळ्यांवर पक आदळतो तो गोळीसारखा. दोन माणसं काचेवर येऊन धडकतात तेव्हा अख्खी काच हलते आणि पहिल्या रांगेतली पोरं दचकून मागे होतात. एका बाजूनं सहा जण खेळतात, गोलरक्षक धरून, पण पाऊण मिनिटात दम संपतो. मग खेळ चालू असतानाच ते कठड्यावरून उडी मारून आत येतात आणि ताज्या दमाचे बर्फावर उतरतात. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव, आणि त्यात ही ये-जा अखंड. आत गारठा चांगलाच होता. ताईनं जाकीट का घ्यायला लावलं ते पाच मिनिटांत समजलं.

शेजारी सत्तरीच्या पुढच्या एक बाई बसल्या होत्या. चॉकलेटी-पांढरी जर्सी, गळ्यात संघाचा मफलर. मी लांबून आलोय कळल्यावर त्यांनी पर्समधून एक पक काढून माझ्या तळहातावर ठेवला. तीन इंच रुंद, इंचभर जाड, टणक रबराचा. वजन दीडशे ग्रॅमच्या वरच. "मॅचच्या आधी हे गोठवून ठेवतात," त्या म्हणाल्या, "नाहीतर बर्फावर उसळ्या मारतो." हा त्यांना चाळीसेक वर्षांपूर्वी जुन्या अरीनात मिळालेला. कड एका जागी चिरलेली होती. त्यांचे वडील त्यांना तिथे घेऊन जायचे, आता त्या नातीला घेऊन येतात. जागा बदलली, पण तिकीट कधी सोडलं नाही.

वर छताला बॅनर टांगलेले. कॅल्डर कप म्हणजे या लीगचं अजिंक्यपद, आणि बेअर्सनी २०२४ पर्यंत तो तेरा वेळा जिंकलाय. इतक्यांदा दुसऱ्या कोणालाच जमलेलं नाही. पहिला १९४७ चा, आणि शेवटचे दोन लागोपाठ, २०२३ आणि २०२४. त्या बाईंच्या बोलण्यात मात्र कपापेक्षा फ्रँक मॅथर्स जास्त आला. १९५६ मध्ये खेळाडू-प्रशिक्षक म्हणून आलेला हा माणूस पुढे प्रशिक्षक झाला, व्यवस्थापक झाला, क्लबचा अध्यक्ष झाला आणि १९९१ मध्ये निवृत्त झाला. पस्तीस वर्षं एका गावच्या संघाला देणारा माणूस! आमच्याकडे तालमीच्या वस्तादाबद्दल ज्या आवाजात बोलतात, त्याच आवाजात त्या बोलत होत्या.

या पातळीच्या खेळात एक गोष्ट आहे, ती समजल्याशिवाय इथल्या प्रेक्षकांचं मन कळत नाही. बेअर्स हा वॉशिंग्टन कॅपिटल्सचा पुरवठा करणारा संघ. एनएचएलमध्ये, म्हणजे कॅपिटल्सच्या सर्वात वरच्या लीगमध्ये, खेळणारे बहुतेक सगळे खेळाडू कधी ना कधी एएचएलमधून गेलेले असतात. सकाळी फोन येतो आणि इथला पोरगा सामान भरून दोन तासांवरच्या वॉशिंग्टनला निघतो. काही वेळा चार दिवसांत परत येतो, काही वेळा येतच नाही. म्हणजे ज्याच्यावर जीव लावायचा तो उद्या आपला नसणार, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक. तरी लोक लावतात. आमच्या आसपास कितीतरी जर्सींच्या पाठीवर इथून केव्हाच पुढे गेलेल्यांची नावं होती. मी त्या बाईंना विचारलं, वाईट नाही वाटत? त्या म्हणाल्या, "तो तिकडे गोल मारतो तेव्हा मी घरात उभी राहते." मला यापुढे विचारायचं काही उरलं नाही.

जानेवारीतला टेडी बेअरचा दिवस मात्र माझा हुकला. बेअर्सनी पहिला गोल केला की प्रेक्षक सोबत आणलेली कापडी खेळणी बर्फावर फेकतात आणि ती सगळी गोळा करून गरजू मुलांसाठी संस्थांना दिली जातात. ५ जानेवारी २०२५ ला १,०२,३४३ खेळणी जमली, हा विक्रम. ताई तिथे होती. "आधी वरून एक-दोन पडली, मग काही दिसेचना," ती सांगत होती, "माझ्या पिशवीत अकरा होती, सगळी टाकून झाल्यावर लक्षात आलं की मी रडतेय." ताई सहसा रडत नाही.

आता बेसबॉल. शाळेचं मैदान घरापासून गाडीनं दहा मिनिटांवर. तिकीट नाही, गेट नाही. ॲल्युमिनियमच्या पायऱ्यांची छोटी गॅलरी, पण निम्मे लोक घरून घडीच्या खुर्च्या आणतात. तारेच्या कुंपणाला लागून त्या मांडायच्या, मांडीवर ब्लँकेट घ्यायचं. खाण्याची टपरी खेळाडूंचे आईबापच चालवतात. त्या दिवशी हॉटडॉग भाजायची पाळी दाजींची होती. मोठ्या बेसबॉलमध्ये नऊ इनिंग, इथे सात. बॅट धातूची, त्यामुळे चेंडू लागला की टिंग असा घंटेसारखा आवाज निघतो. या बॅटमधून चेंडू फार वेगानं सुटू नये म्हणून २०१२ पासून त्यांना कडक मानक लावलंय. चेंडू टाकणारा पिचर बॅट करणाऱ्यापासून साठ फूट सहा इंचांवर उभा असतो, त्याच्या जिवाची काळजी म्हणून.

त्या मॅचच्या आदल्या रात्री पाऊस झाला होता. मॅच चारची, पण अडीचलाच भाचा, त्याचे सोबती, दोन शिक्षक आणि काही पालक मैदानावर होते. मीही गेलो. पोरं स्पंजनं डबक्यातलं पाणी टिपून बादलीत पिळत होती. ओल राहिली तिथे भाजलेल्या मातीचे बारीक खडे पसरायचे, ते पाणी शोषतात. मग दाताळं फिरवायचं. मग फक्कीच्या रेषा. आणि सगळ्यात जपायचा तो माउंड, पिचर जिथून चेंडू टाकतो तो दहा इंच उंचीचा मातीचा उंचवटा. चेंडू टाकताना पुढचा पाय जिथे पडतो तिथे दर मॅचला खड्डा होतो. त्यात चिकणमाती भरून, जरासं पाणी शिंपडून, धुम्मसानं ठोकून ठोकून बसवायची. भाचा गुडघ्यावर बसून तळहातानं ती चाचपून बघत होता. आमच्या तालमीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून लाल माती मळतात तेव्हा वस्ताद अगदी अशीच चिमूट उचलून बघतात. मी त्याला हे सांगितलं. तो त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला, "मामा, माती खराब तर पाय जातो." एवढं एक वाक्य त्यानं अचूक बोललं.

त्या दिवशी चेंडू टाकायची पाळी त्याचीच होती. पहिल्या चार इनिंग समोरच्यांना काही सुचू दिलं नाही. कुंपणाशी एक बाई हातात मोजणीचं बटण घेऊन बसल्या होत्या, प्रत्येक चेंडूला टिक. इनिंग संपली की समोरच्या संघाच्या मोजणाऱ्याशी आकडा पडताळायचा. २०१७ पासून प्रत्येक राज्यानं शालेय पिचरसाठी दिवसाला जास्तीत जास्त किती चेंडू आणि त्यानंतर किती दिवस विश्रांती, याचा नियम केलाच पाहिजे असं ठरलंय. कारण कोपर. जोरात चेंडू टाकून टाकून कोपराच्या आतला अस्थिबंध फाटतो. १९७४ मध्ये डॉक्टर फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर त्याची पहिली शस्त्रक्रिया केली आणि आज ती शस्त्रक्रिया त्याच्याच नावानं ओळखली जाते. व्यावसायिक खेळाडूंचं हे दुखणं शाळकरी पोरांपर्यंत उतरलंय, ही खरी काळजीची गोष्ट.

सहाव्या इनिंगला भाच्याचा संघ एका धावेनं पुढे होता, दोन गडी बाद झाले होते, आणि त्याचा आकडा मर्यादेजवळ आला. प्रशिक्षक माउंडवर चालत गेले. मला वाटलं, पोरगा अडून बसेल, अजून एकच म्हणून हात जोडेल. त्यानं चेंडू त्यांच्या हातात ठेवला, पायाखालचा खड्डा बुटानं थोडा बुजवला, पुढच्या पोरासाठी, आणि डगआउटकडे, म्हणजे खेळाडूंच्या बाकांकडे, निघाला. ताईनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. पुढच्या पोरानं दोन चेंडूंत दोन धावा दिल्या. सातव्या इनिंगला काही झालं नाही, मॅच गेली.

त्या आलेल्या पोराच्या खांद्यावर डगआउटमध्ये सर्वात आधी हात टाकला तो भाच्यानं. हे मी कुंपणाच्या तारेतून बघितलं, आणि तेवढ्यासाठी मी पुन्हा विमानाचं तिकीट काढीन.

लोक खुर्च्या घड्या करून निघाले. पाहुणा संघ बसमध्ये चढला. आमची पोरं मात्र परत मैदानात. दाताळी निघाली, बादल्या निघाल्या. उजव्या खांद्याला बर्फाची पिशवी बांधलेला भाचा डाव्या हातानं माउंडवरचे खडे वेचत होता. मी विचारलं नाही, धुम्मस उचललं आणि त्यानं दाखवलं तिथे ठोकायला लागलो. वीसेक मिनिटांत खड्डा पहिल्यासारखा सपाट झाला. मग चौघांनी चार टोकं धरून ताडपत्री टाकली, कडेनं वाळूच्या पिशव्या ठेवल्या. पश्चिमेला पुन्हा ढग भरून आले होते.

गाडीत तो बराच वेळ गप्प होता. घर जवळ आल्यावर त्यानं मागच्या सीटवरून विचारलं, "मामा, आज बेअर्सची मॅच किती वाजता?"

"सातला," मी म्हणालो. "जाकीट घे."